अर्पणाची कोंबडी

मी एक म्हातारी कोंबडी आहे. हे वाचताच कोणाच्या डोळ्यांपुढे रस्सा आणि भाकरी आली असेल, तर मित्रांनो, आधी ते ताट बाजूला सारा आणि मग माझं ऐका. माझी पिसं झडली आहेत, एका डोळ्यानं धूसर दिसतं आणि अंडी घालणं तर मी केव्हाच थांबवलं आहे. तरीही मला कोणी बिचारी म्हटलेलं खपत नाही. जिनं मला वाढवलं, तिच्या घरात हा शब्द कधी शिरलाच नव्हता.

माझा जन्म एका उबवणी केंद्रात, विजेच्या दिव्याखाली झाला. आई कशी असते ते मी पाहिलं नाही. जन्मल्यावर आम्हां पिल्लांना गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रंगात बुडवलं गेलं आणि जाळीच्या पाटीत भरून एक माणूस सायकलवरून आम्हाला चाकणच्या चाळींमध्ये विकत फिरू लागला. बायका म्हणायच्या, ही रंगीत पिल्लं दोन दिवसांची पाहुणी, आणि जगलीच तर सगळे कोंबडे निघतात. मी गुलाबी होते. मी जगले, आणि कोंबडी निघाले. दोन्ही बाबतींत लोकांचं भाकीत खोटं पाडलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण तेव्हा मात्र मी मान टाकली होती. विकणाऱ्यानं मला पाटीतून काढून गटाराच्या कडेला ठेवलं आणि तो पुढे निघून गेला. त्याच वेळी कंपनीच्या कँटीनमधून पहिली शिफ्ट संपवून सुभद्राबाई घरी चालली होती. तिनं मला उचललं, पदरात गुंडाळलं आणि म्हणाली, "जगली तर आपली."

सुभद्राबाई जालन्याकडची. नवऱ्याबरोबर इकडे आली, तेव्हा तो फौंड्रीत कामाला होता. पुढे तो वारला. मूलबाळ नव्हतं. ठेकेदाराच्या माणसांबरोबर ती कँटीनमध्ये पोळ्या लाटायची आणि चाळीतल्या एका खोलीत राहायची. कँटीनमधला उरलेला भात डब्यातून माझ्यासाठी यायचा. मी मोठी झाले, तांबूस झाले आणि अंडी घालू लागले. माझं पहिलं अंडं तिनं शेजारच्या बाळंतिणीला दिलं. दुसरं शिजवून स्वतः खाल्लं आणि मला म्हणाली, "ब्येस हाये." त्यानंतर काही अंडी ती विकायची, काही वाटायची. त्या पैशांत तिचं तेल-मीठ निघायचं. सोन्याची अंडी देणारी एक कोंबडी तुम्हाला गोष्टीतून ठाऊक असेल. तिचं पोट फाडलं गेलं. माझी अंडी साधीच होती, म्हणून म्हणा किंवा मालकीण धड होती म्हणून म्हणा, माझं पोट शाबूत राहिलं.

सुभद्राबाई ख्रिस्ती होती. दर रविवारी धुतलेलं लुगडं नेसून ती मंडळीच्या उपासनेला जायची. मंडळी म्हणजे फार मोठं देऊळ नव्हे. पत्र्याची लांब शेड, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि समोर लाकडी क्रूस. तिथे येणारे बहुतेक कंपन्यांमधले कामगार. कोणी नगरकडचे, कोणी बीडकडचे. परत आल्यावर चुलीपुढे बसून ती मला सगळं सांगायची. तिचं ऐकायला दुसरं होतंच कोण?

तिच्या बोलण्यात निरंजनचं नाव वारंवार यायचं. निरंजनही तिच्याच मुलखातला. लहानपणी उपाशीतापाशी वाढलेला. आता चाकणमध्ये त्याचा लाकडी खोके बनवायचा कारखाना होता. परदेशी जाणारी यंत्रं त्याच्या खोक्यांत बंद होऊन जायची. राहायला तो वाकडला, उंच इमारतीत होता. मंडळीतले पंखे त्याचे, माइक त्याचा, नाताळात गरजू कुटुंबांना मिळणारं धान्याचं किटही त्याचंच. पंख्याच्या पात्यांवर त्याच्या आईवडिलांचं नाव रंगवलेलं होतं. पंखा फिरू लागला की ते दिसेनासं व्हायचं. माणूस वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगते. त्याला द्यायची हौस होती. इतकी, की दुसऱ्या कोणाला देऊ द्यायचं तो विसरून गेला होता.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत एक जुना रिवाज आहे, त्याला हंगामाचा सण म्हणतात. पीक निघालं की पहिलं फळ देवाला आणायचं. ज्याचं शेत आहे तो बाजरी आणतो, भोपळा आणतो, उसाची मोळी आणतो. ज्याचं शेत म्हणजे कंपनी, तो आपल्या मिळकतीतून काहीतरी घेऊन येतो. उपासना झाली की अंगणात या वस्तूंचा लिलाव होतो आणि आलेला पैसा मंडळीच्या कामी लागतो.

त्या वर्षी सणाची जबाबदारी निरंजनकडे होती. आदल्या रविवारी त्यानं माइकवरून सांगितलं, "ज्या कुटुंबांना मंडळीकडून मदत मिळते, त्यांनी या वर्षी काही आणू नये. त्यांच्यावर भार नको. त्यांच्या वाटचं अर्पण मी देईन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभद्राबाई घरी आली आणि तिनं तवा असा आदळला की मी फडफडून माळ्यावर जाऊन बसले.

"माझ्या वाटचं जेवण कोणी जेवलं तर येक डाव चालंल," ती म्हणाली. "माझ्या वाटचं देणं दुसऱ्यानं कामून द्यायचं? मी काय देवाची कोणी न्हाई?"

ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो रास्त होता. किट घेताना तिचा दरवर्षी फोटो निघायचा. तेही तिनं सोसलं होतं. घेणाऱ्यांच्या रांगेत ती मुकाट उभी राहायची, कारण वर्षातून एकदा का होईना, देणाऱ्यांच्या रांगेतही ती असायची. आता ती रांगच तिच्यासाठी बंद झाली होती.

सणाच्या दिवशी सकाळी तिनं माझे पाय धुतले. मला आश्चर्य वाटलं. मग जुन्या लुगड्याच्या पट्टीनं ते बांधले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मित्रांनो, देणाऱ्याची स्तुती सगळे करतात. जे दिलं जातं त्याला काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. मी तिच्या मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं.

"मार," ती म्हणाली. "तुझा हक हाये. पर म्या दुसरं काय देऊ? जे गेलं तरी चालतंय, ते देवाला द्यायचं व्हय?"

मला तिचं म्हणणं त्या वेळी मुळीच पटलं नाही. वाटभर मी ओरडत गेले. रिक्षातली माणसं कानावर हात ठेवून बसली होती.

अंगणात निरंजनची बायको विजयश्री वस्तू मांडून घेत होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि लगबगीनं पुढे आली. "अहो मावशी, तुम्हाला तर सूट आहे ना! हिची अंडी तुम्हाला लागतात. राहू द्या, घरी न्या."

"लागत्यात, म्हणूनच आणली," सुभद्राबाई म्हणाली आणि तिनं मला टेबलावर नेऊन ठेवलं.

माझ्या एका बाजूला भोपळा होता. दुसऱ्या बाजूला मंडईतून आणलेला फ्लॉवर, ज्याची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. मी त्याच्याकडे पाहून मान फिरवली. आपल्याला कोण कोणाच्या पंगतीला बसवेल, याचा भरवसा नसतो.

लिलाव आबाजींनी सुरू केला. आबाजी म्हणजे निवृत्त फोरमन. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजाच्या वरताण बोलून बोलून त्यांचा गळा असा तयार झाला होता की माइक नुसता शोभेला धरलेला. "बोला राव, बोला! देवाच्या घरी हात आखडता घेऊ नका!" भोपळा गेला. घेणाऱ्यानं तो 'परत देवाला' म्हणून टेबलावर ठेवला. पुन्हा बोली, पुन्हा परत. एकच भोपळा तीनदा विकला गेला. हाही त्या लिलावातला रिवाजच, आणि लोक त्यात मनापासून रंगतात.

मग आबाजींनी मला पंखांना धरून वर उचललं. "ही बघा! कंपनीच्या कँटीनचा भात खाल्लेली! हिचा पीएफ तेवढा कापलेला नाही!" सगळे हसले. मी आबाजींच्या शर्टावर माझं मत नोंदवलं, तेव्हा आणखी हसले.

बोली सुरू झाली. पहिल्या दोघातिघांना निरंजननं मागे टाकलं. मग तो स्वतःच्याच बोलीवर बोली चढवू लागला. अखेर आकडा असा झाला की त्यात खुराडंभर कोंबड्या आल्या असत्या. आबाजींनी 'तीन वार' म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला. निरंजन पुढे आला. मला वाटलं, आता हा मला 'परत देवाला' म्हणून टेबलावर ठेवेल. पण तो मला घेऊन गर्दीतून चालत गेला. मागच्या खुर्चीवर सुभद्राबाई बसली होती. त्यानं मला तिच्या मांडीवर ठेवलं.

"मावशी, तुमची कोंबडी तुम्हाला. मंडळीला पैसे मिळाले, तुम्हाला कोंबडी मिळाली. आमच्याकडून ही भेट." एकानं लगेच मोबाइल समोर धरला. "मावशी, इकडे बघा."

मी आनंदानं तिच्या कुशीत शिरले. खोटं कशाला बोलू? मला घरी जायचं होतं. तेवढ्यात तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि पुन्हा निरंजनच्या हातात दिलं.

"ही माझी न्हाई."

"अहो, तुमचीच आहे."

"व्हती. म्या देवाला देली. तू इकत घेतली. आता तुझी हाये." तिचा आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. "तू मला कोंबडी परत द्याया लागला, का माझं अर्पण?"

निरंजनचा चेहरा उतरला. "मावशी, मी चांगल्या मनानंच—"

"चांगल्याच मनानं करतोस रे. म्हणून तर कोणाला बोलता येत न्हाई." ती उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांकडे वळली. "साहेब, तुमीच सांगा. शास्त्रातल्या त्या गरीब विधवेनं देवळाच्या पेटीत व्हत्या त्या दोन दमड्या टाकल्या. येशू समोर बसून पाहत व्हता. त्यानं त्या दमड्या काढून तिच्या हातात परत ठेवल्या का?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "नाही ठेवल्या, सुभद्राबाई. पेटीतच राहू दिल्या."

"आन हितं माझी दमडी माझ्याच पदरात टाकतेत, अन् वर फोटो काढतेत!"

मोबाइल खाली गेला. मी निरंजनच्या छातीशी होते, त्यामुळे मला त्याच्या काळजाची धडधड ऐकू येत होती. मग तो बोलू लागला, पण त्याचा माइकवरचा आवाज आता राहिला नव्हता. "मावशी, त्या विधवेनं सगळं टाकलं. पण त्या दिवशी ती जेवली काय, हे शास्त्रात लिहिलेलं नाही. माझ्या आईनं असंच केलं होतं. सणाला घरातली शेवटची बाजरी देऊन आली. आम्ही भावंडं पाणी पिऊन झोपलो. तेव्हाच मी ठरवलं, माझ्यासमोर कोणाला असं रिकामं होऊ द्यायचं नाही."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं ऐकली, पण त्याचं ते बोलणं खोटं नव्हतं. सुभद्राबाईलाही ते कळलं. ती खुर्चीवरून उठली आणि तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"त्या दिशी मंडळीतलं कोणी तुमच्या घरी आलं का?"

"नाही."

"कोणी जेवाया बोलावलं?"

"नाही."

"मग लेकरा, तुझी माय चुकली न्हाई. तिनं बरोबर देलं. जे तिची बाजरी घेऊन घरी गेले अन् तिच्या चुलीकडं फिरकले न्हाईत, ते चुकले. तू तिचा हात कामून धरतोस? त्यांचा धर. आता ही कोंबडी सांभाळ. कापली तर गाठ माझ्याशी हाये. अन् मला किट पाठवू नको. घरी जेवाया बोलाव."

आणि मित्रांनो, ती माझ्याकडे वळूनसुद्धा न पाहता निघून गेली. मला तिचा भयंकर राग आला. तिच्या पाठीकडे बघत मी इतकी ओरडले की आबाजींनासुद्धा पुढचा लिलाव पुकारता येईना. पण रागावता रागावता मला एक गोष्ट उमगली. तिनं वळून पाहिलं असतं, तर तिला मला घरी न्यावंच लागलं असतं.

वाकडला मी फार दिवस टिकले नाही. दहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत मला ठेवलं होतं. पहाटे मी गळा मोकळा केला की खालच्या मजल्यावरून फोन यायचा. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले, तेव्हा विजयश्रीनं त्यांना दारातच ऐकवलं, "कुत्र्यांना लिफ्टमधून फिरवता, मग हिनंच काय घोडं मारलंय?" त्या दिवसापासून ती बाई मला आवडू लागली. शेवटी निरंजननं मला कारखान्यात नेलं. तिथे सुतारांनी माझ्यासाठी पाइनच्या फळ्यांचं खुराडं केलं. त्यावर वर जाणारा बाण आणि पावसापासून जपायची छत्री छापलेली आहे. यंत्रांच्या खोक्यांवर असते तशी. माझी अंडी चहाच्या सुट्टीत कामगारांच्या भुर्जीत जायची. निरंजननं एकदा ती सुभद्राबाईकडे पाठवून पाहिली. जशी गेली तशीच परत आली.

पण त्यानं तिला जेवायला मात्र बोलावलं. ती वाकडला गेली, टेबलाशी बसून पोटभर जेवली, मटण खारट झालंय म्हणाली आणि पुन्हा वाढून घेतलं. निघताना विजयश्रीनं दारामागे भरून ठेवलेली पिशवी पुढे केली. सुभद्राबाईनं ती भिंतीला टेकवून ठेवली. "येत्या रविवारी तुमी माझ्याकडं या," ती म्हणाली. "तुमची कोंबडीबी आणा." हे मला विजयश्रीनं खुराडं झाडताना सांगितलं.

त्या रविवारी आम्ही निघालो. मी गाडीत मागच्या सीटवर पाटीत बसले होते, त्यामुळे दोघांचं बोलणं माझ्या कानावर आलं. त्यांनी घरून थोडं खाऊन घेतलं होतं. "त्यांच्याकडचं आपण कशाला संपवायचं?" विजयश्री म्हणत होती. निरंजननं मान डोलावली. मी पाटीत आपटत राहिले, पण माणसांना कोंबडीची भाषा येत नाही.

खोली झाडून लख्ख केलेली होती. भाजल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी, बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा. शेजारणीकडून दोन पाट मागून आणलेले. सुभद्राबाईनं मला उंबऱ्यावर दाणे टाकले आणि परक्या कोंबडीकडे पाहावं तसं पाहिलं. ते मला लागलं, तरीही मी दाणे टिपले. मग ती वाढायला बसली. निरंजननं अर्धी भाकरी खाल्ली आणि ताटावर हात आडवा धरला.

"बास मावशी. पोट भरलं."

तिच्या हातातली पळी तिथेच थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग विजयश्रीच्या जवळजवळ भरलेल्या ताटाकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. भर अंगणात बोलताना ती इतकी ताठ होती, पण आता तिचे खांदे खाली आले. पळी भांड्यात ठेवून तिनं टोपलीतल्या भाकरी फडक्यानं झाकायला घेतल्या.

निरंजन त्या हातांकडे बघत होता. काय झालं ते त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या, मांडी नीट घातली आणि ताट पुढे सरकवलं.

"मावशी, झाकू नका. मला अजून भाकरी वाढा."

"पोट भरलंय म्हणला ना?"

"चुकलो. घरून खाऊन आलो होतो. आता पुन्हा नाही यायचा तसा. वाढा."

तिनं वाढलं. तो जेवला. घाम येईपर्यंत, बोटं चाटत, आणखी आमटी मागून घेत जेवला. विजयश्रीनंही ताटातलं सगळं संपवलं आणि ठेचा कसा केला ते विचारून घेतलं. शेवटी टोपली रिकामी झाली. सुभद्राबाईसाठी एकसुद्धा भाकरी उरली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती पदरानं तोंड पुसत हसत होती. तवा पुन्हा चुलीवर ठेवून तिनं स्वतःसाठी पुन्हा पीठ मळायला घेतलं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची नाही, म्हणून स्पष्टच सांगते. गरिबाला द्यायला पुष्कळ जण पुढे येतात आणि देऊन खुशाल घरी जातात. गरिबाच्या हातचं घेताना मात्र त्यांचा हात आडवा येतो. तो हात काढा. कोणी तुम्हाला आपल्यातलं काही देऊ केलं, तर नको म्हणू नका, परत करू नका, आणि दुपटीनं फेडायची घाईही करू नका. आणि कधी सुभद्राबाईसारखीच्या दारात जेवायला गेलात, तर भूक घेऊन जा.